बिघाड नेमका कोठे?

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक सागवानी कपाट आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी ज्या क्रमाने त्यात लावून ठेवल्या, त्याच क्रमाने त्या आजही उभ्या आहेत. २०२४ च्या एप्रिल महिन्यात एका मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. लग्न कॅनडात ठरले होते आणि तिकडच्या धर्मगुरूंनी सहा महिन्यांच्या आत काढलेला ताजा उतारा मागितला होता. तिचे नाव अर्थातच अलीकडच्या वहीत सापडले. परंतु तिच्या आजीला आपल्या आजोबांचे नाव पाहण्याची हौस आली, म्हणून आम्ही एकोणिसाव्या शतकातील एक वही खाली काढली आणि पान उलटताना त्याचा कोपरा आमच्या बोटांत सुटून आला. आजीबाई काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. तो तुकडा एका पाकिटात घालून आम्ही वही मिटली.

जुन्या शाईत लोहाचा अंश असे. ती शाई शंभर-सव्वाशे वर्षांत कागदालाच खाऊ लागते. लिहिणाऱ्याने जेथे बोरू दाबला तेथे आज अक्षराच्या आकाराचे छिद्र दिसते. उरलेले काम वसईची खारी हवा, कसर आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून पार पाडतात. या वह्या म्हणजे आमच्या घराण्यांच्या अस्तित्वाचा पुरावा. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची नोंद ठेवावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातांची नावे लिहून घ्यावीत, असा दंडक घातला. आजच्या धर्मविधीसंहितेचे ५३५ वे कलमही तेच काम आमच्याकडे सोपवते. बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात त्या व्यक्तीचा दृढीकरण संस्कार, विवाह, संन्यस्त जीवनाचे व्रत अशा पुढील घटना टिपल्या जातात. एका माणसाचे सारे आयुष्य त्या दोन बोटे रुंदीच्या समासात मावते. तो समासच प्रथम झिजतो.

म्हणून या वह्यांची छायाचित्रे घ्यायची असे ठरले. ठरवणारे आम्ही, काम करणारा आमच्या धर्मग्रामातील अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी. लहानपणी तो आमचा वेदीसेवक होता. वडिलांची केळीची वाडी. त्याने यादी करून आणली: कॅमेरा खाली तोंड करून बसवण्याची चौकट, दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश टाकणारे दिवे, पान सपाट दाबण्यासाठी काच आणि एक ‘वर्कस्टेशन’ लॅपटॉप. हा शब्द आम्ही प्रथमच ऐकला. अभियंते, वास्तुविशारद, चित्रपटांचे संकलन करणारे लोक जे दणकट यंत्र वापरतात ते हे, असे त्याने समजावले. त्यात चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, रॅम भरपूर घालता येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवी असल्यास स्वतःची चूक स्वतः सुधारणारी रॅम त्यात बसते.

धर्मग्राम परिषदेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “फादर, देवळाला एवढा हत्ती कशाला पोसायचा?” तेव्हा आम्ही त्यांना फादर रॉबेर्तो बुसा यांची गोष्ट सांगितली. हे इटलीचे येशूसंघीय धर्मगुरू. संत थॉमस अक्विनस यांच्या ग्रंथांतील प्रत्येक शब्द कोठे कोठे आला आहे याची सूची करण्याचे त्यांनी मनावर घेतले. शब्द सुमारे एक कोटी दहा लाख! १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि त्यांची यंत्रे या कामाला लावून घेतली. पुढे तीसेक वर्षांनी त्या सूचीचे छप्पन्न खंड छापून पुरे झाले. संगणकाला भाषेच्या अभ्यासात प्रथम हात धरून नेणाऱ्यांत एक धर्मगुरू होता, हे ऐकून सभा खूश झाली आणि खर्च मंजूर झाला. एका वृद्ध भगिनीने आपल्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला आलेली पाकिटे न फोडता आमच्या हाती दिली. पुढे जे घडले त्यात त्या पाकिटांचे ओझे आमच्या मनावर सतत होते.

आता आमची काटकसर. चूक सुधारणाऱ्या रॅमची किंमत ऐकून आम्ही दचकलो. यंत्र कमी रॅमचे घ्यावे आणि दुसऱ्या एका दुकानातून साध्या रॅमच्या बत्तीस-बत्तीस जीबीच्या दोन पट्ट्या स्वस्तात आणून बसवाव्यात, असा तोडगा आम्हीच काढला. तो तरुण म्हणाला, “चालेल, फादर. फक्त ही रॅम चुकली तर आपल्याला कळणार नाही.” आम्ही हसलो. “अरे, पोपमहोदयांची अचूकतासुद्धा काही ठरावीक प्रसंगांपुरतीच असते, तेथे रॅमची काय कथा!” या वाक्यावर आम्ही स्वतःच खूश झालो होतो, हे कबूल केले पाहिजे.

जूनमध्ये यंत्र आले. त्याच्या झाकणावर त्या तरुणाने कार्लो अकुतिस या संगणकवेड्या मुलाचे छोटेसे चित्र चिकटवले. तेव्हा तो ‘धन्य’ होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी पोहोचला.

पहिल्या पंधरवड्यातले बिघाड किरकोळ होते. झाकण मिटले म्हणजे यंत्र झोपले, असा आमचा समज. हल्लीची यंत्रे झाकणाखाली अर्धवट जागीच असतात. पिशवीत घालून आम्ही ते एका बैठकीला नेले, तर काढताना इस्त्रीसारखे तापलेले आणि बॅटरी संपलेली. मनातले सारे डिस्कवर लिहून ठेवून पुरते बंद होण्याची एक सोय यंत्रात असते, ती लावल्यावर हा त्रास गेला. मग शेजारचा मोठा पडदा थरथरू लागला. त्यासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीन वेळा बदलला आणि अखेरीस दोष निघाला तो केबलचा. (ड्रायव्हर बदलायचा हे ऐकून आमच्या स्वयंपाकीण बाई चिंतेत पडल्या होत्या. धर्मग्रामाच्या गाडीवर पंधरा वर्षे असलेला माणूस काढणार की काय, असे त्यांना वाटले.)

जुलैच्या मध्यावर खरे दुखणे सुरू झाले. काम चालू असताना एकाएकी स्क्रीन निळी होई, पांढऱ्या अक्षरांत काही तरी मजकूर झळके आणि यंत्र स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होई. दिवसातून एकदा, कधी दोनदा, कधी तीन दिवसांत एकदाही नाही. त्या तरुणाने भिंतीवर एक कागद चिकटवला आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय चालू होते आणि स्क्रीनवर काय लिहून आले ते त्यावर टिपू लागला. आम्हांला तो पोरकटपणा वाटला. बिघाड झाला आहे तर तो दुरुस्त करावा. त्याची रोजनिशी कसली लिहायची?

वास्तविक यंत्राच्या बिघाडाची रोजनिशी हा फार जुना प्रघात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावरच डकवला. ती वही आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात पतंगासह जपून ठेवली आहे. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याहूनही जुनी; एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही हा शब्द येतो. गंमत एवढीच, की त्या दिवशी किडा खरोखरीचा निघाला. बहुतेक वेळा असा डकवण्याजोगा किडा हाती लागत नाही, आणि मग माणसाची नजर डकवण्याजोगा माणूस शोधू लागते.

येथे आमच्या जुन्या मराठी टंकाची हकीकत सांगावी लागेल. आमच्या धर्मग्रामाचे वार्तापत्र वीस-पंचवीस वर्षे एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर जुळवले जात असे. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या टंकाची संकेतपद्धती निराळी. रोमन अक्षरांच्या जागा घेऊन देवनागरी आकार बसवलेले. टंक काढून घेतला की ‘देव’ या शब्दाच्या जागी निरर्थक खुणांची रांग उरे. १९९१ मध्ये युनिकोडचा पहिला भाग निघाला तेव्हापासून देवनागरीला जगभर एकच संकेत मिळाला, तरी मराठी छापखाने पुष्कळ वर्षे जुन्याच टंकांवर चालले आणि त्यांच्याबरोबर आम्हीही चाललो. ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी एक डोंगल, म्हणजे कुलपाच्या किल्लीसारखी वस्तू, संगणकाला जोडावी लागे. “फादर, सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणू,” असे तो तरुण विनवीत होता. आम्ही ऐकले नाही. युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र नीट उमटत नाही, ही आमची तक्रार. ती एके काळी खरी होती. नंतर ती दूर झाली, पण तक्रार आमच्यापाशी राहिली. शेवटी आमच्या हट्टापायी त्याने त्या डोंगलचा जुना ड्रायव्हर कोठून तरी मिळवला आणि तो चालावा म्हणून नव्या यंत्रातली एक सुरक्षेची व्यवस्था बंद करून तो बसवला. हे करण्यापूर्वी त्याने आम्हांला विचारले होते. आम्ही मान डोलावली होती, बहुधा न ऐकता.

ऑगस्टमध्ये यंत्राच्या दुकानातील कारागिराने तपासणी केली आणि निळ्या पडद्यांपैकी दोन त्या डोंगलच्या ड्रायव्हरमुळे आल्याचे सांगितले. ते खरेच होते. आम्हांला मात्र पुरते उत्तर मिळाल्यासारखे वाटले. किडा सापडला! ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी धर्मग्राम परिषदेची बैठक होती. काम का रखडले, असा प्रश्न आला. आम्ही म्हणालो, “यंत्र उत्तम आहे. अननुभवी हातांनी त्यात नको ते घातले, त्याचा हा परिणाम.” नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. त्या यंत्राला दोनच माणसांचे हात लागत होते. त्या तरुणाचे वडील तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली, आणि ती दिसूनही आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला.

कारागिराने यंत्रातील सारे सॉफ्टवेअर पुसून नव्याने बसवले. डोंगल कपाटात गेले. दोन दिवस यंत्र गुणी बाळासारखे चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन निळी झाली. ज्याला दोषी ठरवले तो घरी, ज्या सॉफ्टवेअरला दोषी ठरवले ते पुसलेले, आणि बिघाड जागच्या जागी.

त्याच संध्याकाळी त्याहून वाईट गोष्ट ध्यानात आली. टिपलेली पाने आम्ही सहज चाळत होतो. एका पानाचा वरचा भाग स्वच्छ, अक्षरन् अक्षर वाचता येण्याजोगा; अर्ध्यापासून खाली नुसते राखाडी आणि जांभळे पट्टे. दुसरी प्रत पाहिली, बाहेरच्या डिस्कवरची, तेथेही तेच. आणखी शोधले तेव्हा अशी सात पाने सापडली. आणि जे पान प्रथम दिसले ते नेमके आमच्या बोटांत तुटलेले पान. काचेखाली घेताना त्याचे आणखी चार तुकडे झाले होते. त्या तरुणाने ते जुळवून छायाचित्र घेतले होते आणि मग तुकडे पाकिटात घातले होते. म्हणजे त्या पानाचे अखंड रूप जर कोठे उरले असेल, तर ते या छायाचित्रातच. आणि ते असे.

रात्री आम्ही भिंतीवरचा तो कागद प्रथमच नीट वाचला. अकरा नोंदी होत्या. दोन सारख्या, त्या डोंगलच्या. उरलेल्या नऊ नोंदींतले संदेश नऊ प्रकारचे. एकदा छायाचित्र उघडताना, एकदा नुसते घड्याळ चालू असताना, एकदा आम्ही प्रवचन टंकित करीत असताना. गोरेगावच्या सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांचा अभ्यास आम्ही थोडाबहुत केला होता. अनेक प्रतींत एकच चूक एकाच जागी आली तर दोष मूळ प्रतीत असतो. पण एकाच लेखनिकाच्या हातून दर वेळी निराळ्या जागी, निराळ्या तऱ्हेची चूक होत असेल, तर ग्रंथाला बोल लावू नये, लेखनिकाचे डोळे तपासावेत. यंत्राच्या बाबतीत हे डोळे कोणते ते आम्हांला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते त्याला आम्ही दूर केले होते.

आम्ही त्याला फोन केला. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की तो फोन क्षमा मागण्यासाठी नव्हता. अडचण होती म्हणून होता. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “येतो, फादर. पेन ड्राइव्ह घेऊन येतो.”

तो दिवस ७ सप्टेंबरचा, शनिवार. दुसऱ्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मोत्सव, आणि बाहेर गणेश चतुर्थीचे ढोल. त्याने यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू केले. सॉफ्टवेअर जागे होण्याआधीच रॅमची तपासणी करणारा हा प्रोग्राम. तो रॅमच्या प्रत्येक कप्प्यात एक किंवा शून्य लिहितो आणि मग तेच परत वाचता येते का ते पाहतो. पुन्हा उलट लिहितो, पुन्हा वाचतो. चौसष्ट जीबीचे असे कप्पे होतात सुमारे पंचावन्न हजार कोटी. सारी रात्र लागते. आम्ही चहा केला. तो स्टुलावर बसून राहिला. आमच्यात विशेष बोलणे झाले नाही. पावणेदोनच्या सुमारास पडद्यावर पहिली लाल ओळ उमटली. लिहिले होते एक आणि वाचले गेले दुसरे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवले होते आणि त्यांत फरक होता तो फक्त एका कप्प्याचा. शून्याच्या जागी एक.

एवढ्याने काय होते, असे आम्ही विचारले. तेव्हा त्याने बेल्जियमची हकीकत सांगितली. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या शार्बेक येथे एका उमेदवाराला शक्य असतील त्यांहून अधिक मते पडल्याचे यंत्राने दाखवले. फेरमोजणीत कळले, की ४०९६ मते जास्तीची होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या मेमरीतला एकच कप्पा आपोआप शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. सॉफ्टवेअरमध्ये काही दोष सापडला नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांनीही असे घडू शकते म्हणे. आमच्या छायाचित्रांचे तसेच झाले होते. जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून साठवतात, तेव्हा त्यातील प्रत्येक खूण आधीच्या खुणेवर अवलंबून असते. मध्ये एक कप्पा उलटला, की तेथून पुढचे सारे चित्र बिघडू शकते. न दाबता साठवले असते तर एखादा ठिपका तेवढा बिघडला असता. जागा वाचवण्याची आज्ञा आमची होती.

“आणि ती चूक सुधारणारी रॅम?” आम्ही विचारले. उत्तर ठाऊक असूनही काही प्रश्न विचारावे लागतात. त्याने कागदावर आकृती काढून दाखवली. चौसष्ट कप्प्यांमागे आठ जादा कप्पे. ते बाकीच्यांचा असा हिशेब ठेवतात, की एक कप्पा उलटला तर तो कोणता ते कळते आणि तेथल्या तेथे सुधारता येते. दोन उलटले तर निदान कळते तरी. मूळ युक्ती रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाची, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेली. त्याला बेल प्रयोगशाळेतले यंत्र शनिवार-रविवारीच मिळे. चूक आढळली की यंत्र त्याचे काम टाकून पुढच्या कामाकडे वळे, आणि सोमवारी त्याच्या हाती काही नसे. चूक झाली एवढे ज्या यंत्राला कळते, त्याला ती कोठे झाली हे का कळू नये, या वैतागातून ती युक्ती निघाली. हे ऐकताना आमच्या मनात मसोरा पंडित आले. हिब्रू शास्त्राच्या प्रती करताना ते शब्द आणि अक्षरे मोजून समासात टिपून ठेवीत, म्हणजे पुढच्या लेखनिकाची चूक मोजणीत पकडली जावी. समास हा असा कामाचा असतो.

पहाटे आम्ही यंत्र उलटे केले. त्याने अंगठा लोखंडी जाळीला टेकवून अंगातील वीज जाऊ दिली, स्क्रू काढले, एक पट्टी काढली आणि पुन्हा तपासणी लावली. निर्दोष. मग ती बसवून दुसरी ठेवली. चार मिनिटांत लाल ओळी. आमच्या काटकसरीने घेतलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष होती, आणि बहुधा पहिल्या दिवसापासून होती. म्हणजे बिघाड दोन होते. त्यातला लहान आधी सापडला आणि त्याने मोठ्याला झाकून टाकले. लहानही आमच्या हट्टाचा, मोठाही आमच्या हिशेबाचा. घंटा झाली आणि आम्ही मिस्सेला गेलो. त्या दिवशी वेदीपाशी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणताना आम्ही एका शब्दाशी अडखळलो. लोकांना वाटले, घसा बसला.

चोरलेले पैसे परत करता येतात. घेतलेले नाव परत करणे अवघड, आणि जेथे घेतले तेथेच ते परत करावे लागते. नीतिशास्त्राच्या वर्गात हे आम्ही शिकलो आणि पुढे पापनिवेदनाच्या खोलीत कित्येकांना सांगितलेही. तरी सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारची बैठक येईपर्यंतचे तीन आठवडे आम्ही नाना पळवाटा शोधल्या. त्याच्या घरी जाऊन सांगितले तर? वार्तापत्रात त्याचे कौतुक छापले तर? वार्तापत्राचा जुना अंक काढला, तर त्यात आमचेच वाक्य: ‘आम्ही दोन हजार पाने टिपली.’ हे ‘आम्ही’ फार सोयीचे सर्वनाम आहे. काम झाले तेव्हा ‘आम्ही’ आणि बिघडले तेव्हा ‘अननुभवी हात’. फादर बुसा यांच्या कामात गालाराते गावच्या कितीतरी तरुण मुली वर्षानुवर्षे पत्त्यांना छिद्रे पाडीत बसल्या होत्या. छप्पन्न खंडांवर नाव फादरांचे आहे. परिषदेला त्यांची गोष्ट सांगताना आम्हीही त्या मुलींना वगळले होते.

बैठकीत आम्ही उभे राहून सांगितले. रॅम आम्ही स्वस्तातली आणवली, जुने डोंगल आम्ही बसवायला लावले, आणि त्या मुलाविषयी या जागी जे बोललो ते खोटे होते. ‘गैरसमजाचे’ हा शब्द ओठावर आला होता, तो गिळला. सभेत शांतता पसरली. मग त्याच्या वडिलांनी विचारले, “फादर, मृतांच्या सणाला दफनभूमीत दिवे यंदा किती लावायचे?” आणि चर्चा दिव्यांकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी केळ्यांचा एक लोंगर ठेवलेला होता. कोणी ठेवला ते बाईंनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

पानांचे काय झाले ते सांगायचे राहिले. कॅमेऱ्याची मेमरी कार्डे पुसून पुन्हा वापरावीत, अशी आमची आज्ञा होती. त्या तरुणाने ती मोडली होती. स्वतःच्या खर्चाने नवी कार्डे घेऊन त्याने जुनी सारी तारखेच्या चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवली होती. प्रत्येक चित्राचा हाताच्या ठशासारखा एक आकडा काढून त्याने दोन्हीकडची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा सातच नव्हे तर एकेचाळीस पाने बिघडलेली निघाली. कितीकांत तर डोळ्यांना दिसेल असा फरकही नव्हता. त्यांपैकी अडतीस पाने कार्डांवरून जशीच्या तशी मिळाली. तीन मिळाली नाहीत, कारण ते एक कार्ड आम्ही प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी चित्रीकरणासाठी मागून नेले आणि पुसले होते. त्या तिघांत दोन पाने धड होती, ती पुन्हा घेतली. तिसरे पाकिटातले.

चूक सुधारणारी रॅम आम्ही डिसेंबरात घेतली. एप्रिलपासून वाचवलेले सारे पैसे त्यात गेले, वर थोडे घालावे लागले. वार्तापत्र आता युनिकोडमध्ये जुळते आणि ‘दुसऱ्या’तला र व्यवस्थित उमटतो.

पाकिटातले पान आम्ही दोघांनी जानेवारी २०२५ मधील एका दुपारी काढले. तुकडे आता नऊ झाले होते. तो चिमट्याने एकेक उचलून काचेवर मांडीत होता, आम्ही भिंगातून अक्षरे वाचून सांगत होतो. बाळाचे नाव जुळले, आईचे जुळले. धर्ममातेच्या नावाची तीन अक्षरे शाईने खाल्ली होती. समासात एक विवाहाची नोंद होती, तिची तारीख आम्ही डोळे बारीक करून वाचू लागलो. तो तुकडा आम्ही जरा अधिक उजवीकडे सरकवावा म्हणून बोट पुढे केले.

“फादर, तुम्ही हात लावू नका,” तो म्हणाला. “आणि आधी तो पंखा बंद करा.”

आम्ही उठून पंखा बंद केला.